दुसऱ्याच्या परवान्यावर आपला गल्ला

भाच्याने चारघडी केलेला कागद टेबलावर उलगडला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त आकडे बघा. बाकी मी ठरवलंय." कागदावर निळ्या पेनाने हिशेब मांडला होता. सिंहगड रस्त्याच्या पुढे, किरकटवाडीच्या बाजूला एक छोटी परमिट रूम चालवायला मिळत होती. दहा टेबलं, चाळीस खुर्च्या, मागे भटारखाना, वर पोरांना झोपायला एक खोली. डिपॉझिट दहा लाख, महिन्याचं भाडं सव्वा लाख, मुदत अकरा महिने. मालकाच्या सांगण्याप्रमाणे रोजचा गल्ला पस्तीस हजार. चाकणच्या कंपनीतून सुटताना हाती आलेले चौदा लाख भाच्याकडे होते. वय बेचाळीस, मुलगी आठवीत.

मी तीस वर्षं छोट्या हॉटेलवाल्यांचे जमाखर्च लिहितो आहे. खानावळी, अमृततुल्य, बिर्याणीची दुकानं, परमिट रूम असं सगळं त्यात आलं. यातला बराचसा धंदा स्वतःच्या जागेत नसतो आणि आता तर तो स्वतःच्या नावावरही नसतो. 'हॉटेल चालवायला देणे आहे' अशी पाटी पुण्याच्या प्रत्येक उपनगरात दिसते, आणि ती वाचून भाच्यासारखा कोणीतरी आयुष्याची पुंजी उचलून चालू लागतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यांना माझं सांगणं एकच आहे. आपण नेमकं काय भाड्याने घेतो आहोत आणि करार संपेल त्या दिवशी त्यातलं आपलं काय उरणार आहे, हे आधी विचारा. गल्ल्याचा आकडा नंतर बघा.

या धंद्यात 'कंडक्टिंग' हा शब्द सर्रास चालतो. जागा मालकाची, परवाना मालकाचा, पाटीवरचं नावही त्याचंच. चालवणारा दरमहा ठरलेली रक्कम देतो आणि उरलेला नफा-तोटा स्वतःच्या अंगावर घेतो. खानावळीच्या बाबतीत हे फार गुंतागुंतीचं नसतं, कारण अन्न विकण्याचा परवाना आपल्या नावाने काढता येतो. मद्याचं तसं नाही. एफएल-३ हा परमिट रूमचा परवाना एका नावावर असतो आणि ते नाव बदलणं सोपं नसतं. त्यामुळे वर्षानुवर्षं हा व्यवहार आडून चालला. कुठे कागदोपत्री भागीदारी दाखवायची, कुठे मुखत्यारपत्र करायचं, कुठे नोकरनामा. नोकरनामा म्हणजे परवानाधारकाने 'हा माझा नोकर, माझ्या वतीने दुकान सांभाळतो' असं उत्पादन शुल्क खात्याला लिहून देणं. दहा लाख भरून, रात्री दीडपर्यंत गल्ल्यावर बसणारा माणूस सरकारदरबारी नोकर असायचा. भांडण झालं की त्याच्या हाती नोकराइतकाच हक्क उरायचा.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा व्यवहार उघडपणे मान्य करायचं ठरवलं. सीलबंद विदेशी मद्यविक्रीची दुकानं आणि परमिट रूम यांचे परवाने कंडक्टिंग करारावर चालवायला देता येतील, आणि त्यासाठी वार्षिक शुल्कावर दुकानांना १५ टक्के, परमिट रूमला १० टक्के जादा रक्कम भरावी लागेल, असा तो निर्णय. मला हा निर्णय चांगला वाटतो. जे आडून चाललं होतं ते कागदावर आलं आणि चालवणाऱ्याचं अस्तित्व सरकारला दिसू लागलं. पण अस्तित्व दिसणं वेगळं आणि संरक्षण मिळणं वेगळं. किती मुदतीचा करार द्यायचा, मध्येच काढून टाकलं तर काय, परवाना निलंबित झाला तर भाडं थांबणार का, हे सगळं मालक आणि चालवणारा या दोघांनी आपसात ठरवायचं. आणि दोघांतला एक भरलेल्या ताटावर बसलेला असतो, दुसरा घाईत असतो.

भाच्याला मी पहिली गोष्ट विचारली ती परवान्याची. परवाना ही मालमत्ता आहे असं लोक धरून चालतात. तशी ती नाही. दारूचा धंदा करणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात १९९४ मध्येच स्पष्ट केलं आहे. सरकार देतं, सरकार काढून घेऊ शकतं. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि चालू बार एका दिवसात बंद पडले. ती बंदी उठली २०२१ मध्ये. सहा वर्षं डिपॉझिट अडकवून कोण थांबेल? पुण्याजवळचंच उदाहरण हवं असेल तर महामार्गाचं घ्या. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली मद्यविक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. सोलापूर रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्ता या तिन्ही बाजूंना धंदे ठप्प झाले. छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आणलं गेलं, पुढे जुलैत पालिका हद्दीबाबत खुलासा झाला आणि हळूहळू शटर वर गेली. मालकाची जागा तेवढ्या काळात कुठे गेली नाही. चालवणाऱ्यांचं काय झालं ते मी वह्यांमधून पाहिलं आहे. तीन महिने पगार आणि भाडं भरून ते संपले.

कराचंही तसंच. परमिट रूममध्ये बसून पिण्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. पुढे परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं आणि जून २०२५ च्या निर्णयांमध्ये देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेलं. १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारचालकांनी एक दिवस बंद पाळला. मोठ्या हॉटेलात येणारा माणूस शंभर रुपये जास्त देतो. किरकटवाडीत येणारा एक पेग कमी पितो, किंवा दुकानातून क्वार्टर घेऊन मोकळ्या प्लॉटवर बसतो. करवाढीचा भार गिऱ्हाइकावर टाकता येतो हे पुस्तकात ठीक आहे. छोट्या जागेत तो गल्ल्यावरच पडतो.

आता आकडे. भाच्याचा सगळा हिशेब 'रोज पस्तीस हजार' या एका खुंटीवर टांगलेला होता आणि तो आकडा मालकाच्या तोंडचा होता. मी त्याला म्हटलं, "गल्ल्याची वही कोणीही लिहितो. तू मद्यखरेदीची बारा महिन्यांची बिलं माग." परमिट रूममध्ये येणारी प्रत्येक बाटली परवानाधारक विक्रेत्याकडून बिलावर यावी लागते आणि तिची रोजच्या रोज ब्रँडप्रमाणे नोंद ठेवावी लागते. ७५० मिलीच्या बाटलीत साठ मिलीचे साडेबारा पेग बसतात. तेरा बसत नाहीत. बसले तर त्यात काय मिसळलं ते विचारावं लागेल. किती बाटल्या आल्या हे कळलं की किती विकलं हे कळतं आणि दरपत्रक समोर ठेवलं की गल्ला कळतो. तोंडचा आकडा फुगवता येतो, मागच्या वर्षीची खरेदी आज फुगवता येत नाही. जोडीला वीजबिल आणि १९ किलोच्या सिलिंडरच्या पावत्या बघाव्यात. भटारखाना किती चालतो ते गॅस सांगतो.

बिलं येईपर्यंत आम्ही दुसरा मार्ग धरला. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार अशा तीन संध्याकाळी मी आणि भाचा तिथे जाऊन बसलो. मी सोडा आणि शेंगदाणे मागवले, भाच्याने जेवण. एका वहीत येणारी टेबलं मोजली. मंगळवारी चौदा, शुक्रवारी एकतीस, रविवारी सव्वीस. सोमवार ते गुरुवार मंगळवारसारखे धरले, शनिवार शुक्रवारसारखा, तर आठवड्याला १४४ टेबलं होतात. तिथलं दरपत्रक आणि टेबलावर येणारं सामान पाहता एका टेबलाचं बिल सरासरी हजाराच्या आसपास. दुपारचं जेवण आणि पार्सलचे दहा हजार वर धरले तरी आठवड्याचे १ लाख ५४ हजार, म्हणजे दिवसाला बावीस हजार. पस्तीस नाही.

बावीस आणि पस्तीस यांत संसार उभा राहतो किंवा मोडतो, म्हणून हा हिशेब पूर्ण लिहितो. विसर्जन, २ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, मतदान संपण्याआधीचे ४८ तास असे कोरडे दिवस आणि अडचणीचे दिवस वजा करून महिन्याचे २९ दिवस धरले. कर सोडून विक्री ६ लाख ४० हजार. त्यात मद्य ३ लाख ९० हजार, जेवण अडीच लाख. मद्याच्या विक्रीत साठ टक्के खरेदीतच जातात, म्हणजे २ लाख ३४ हजार. जेवणात किराणा, चिकन-मटण, तेल मिळून ९५ हजार. हाती उरले ३ लाख ११ हजार. वस्ताद (मुख्य आचारी), त्याचा मदतनीस, तीन वेटर, भांडीवाला आणि एक वरकामाचा पोरगा यांचे पगार आणि जेवणखाण १ लाख ३० हजार. वीज, गॅस, पाणी, दुरुस्ती ४५ हजार. परवाना शुल्काचा महिन्याचा वाटा आम्ही ६० हजार धरला. हे शुल्क लोकसंख्येच्या श्रेणीवर ठरतं, म्हणून आपलं गाव कोणत्या श्रेणीत मोजलं जातं हे खात्यात जाऊन विचारलंच पाहिजे. किरकटवाडी ३० जून २०२१ ला इतर बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत आली. रस्ते गावाचे राहिले तरी खर्चाची पातळी शहराची होते, हे समाविष्ट गावांत राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. तर हे सगळं वजा जाऊन उरले ७६ हजार. आणि भाडं सव्वा लाख. दरमहा ४९ हजार खिशातून घालायचे. अकरा महिन्यांत ५ लाख ३९ हजार. शिवाय भाड्यावर १८ टक्के जीएसटी येऊ शकतो, आणि पाच टक्क्यांनी कर लावणाऱ्या हॉटेलला जेवणाच्या धंद्यात त्याची वजावट मिळत नाही.

मालकाचा पस्तीस हजारांचा आकडा खरा असता तर याच हिशेबात महिन्याला सव्वा लाखाच्या वर सुटले असते. म्हणून भाच्याचा कागद चुकीचा नव्हता. त्याची बेरीज बरोबर होती, पहिली ओळ दुसऱ्याने लिहिली होती. स्वतःच्या मेहनतीचे पन्नास हजार सुटायला हवे असतील तर या भाड्यात रोजचा गल्ला एकोणतीस हजारांवर गेला पाहिजे. बावीसचे एकोणतीस करता येणारच नाहीत असं मी म्हणत नाही. चांगला वस्ताद आला, मटण थाळीचं नाव झालं, कुटुंबासाठी वेगळी बाजू केली की धंदा वाढतो. पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि करार अकरा महिन्यांचा आहे.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे.

त्या मंगळवारी साडेसातला एक माणूस आला. अंगावर सिमेंटचे शिंतोडे, हातात हेल्मेट. बहुधा आसपासच्या एखाद्या साइटवरचा मुकादम असावा. कोपऱ्यातल्या पंख्याखालच्या टेबलावर बसला. काही न बोलता वेटरने सोडा, पाण्याची बाटली आणि चिरलेला कांदा-लिंबू आणून ठेवला, मग एक नव्वद. वेटर साठीच्या घरातला, कानावर पेन खोचलेला. जाताना मुकादमाने पैसे दिले नाहीत, वेटरने खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. भाच्याने हे बघितलं तेव्हा त्याला उधारी दिसली. मला त्यात त्या जागेची सगळी किंमत दिसली. टेबल-खुर्च्या दोन लाखांत येतात. परवाना सरकारचा आहे. मंगळवारी साडेसातला तो मुकादम दुसरीकडे न जाता इथेच येतो, त्या सवयीचं भाडं सव्वा लाख आहे. आणि ती सवय मालकाने लावलेली नाही. त्या वेटरने लावली आहे, आणि याआधी ज्यांनी ही जागा चालवली त्यांनी. चौकशी केली तेव्हा कळलं की पाच वर्षांत तिघांनी चालवून सोडली होती. प्रत्येकाने काहीतरी वाढवलं असणार. कोणी तंदूर लावला, कोणी पंखे बदलले. तिघे गेले, वाढलेलं मालकाकडे राहिलं आणि पुढच्याला ते वाढीव भाड्याने मिळालं.

अकरा महिन्यांच्या कराराची ही रीत आहे. धंदा पडला तर नुकसान चालवणाऱ्याचं, धंदा वाढला तर भाडं वाढवून किंवा जागा काढून घेऊन फायदा मालकाचा. मालक लोक वाईट असतात म्हणून हे होत नाही. त्यांच्या भीतीला इतिहास आहे. १ फेब्रुवारी १९७३ ला जे लोक लायसन्सवर जागेत बसलेले होते त्यांना कायद्याने भाडेकरू ठरवलं आणि कितीतरी जागा मालकांच्या हातून कायमच्या गेल्या. त्यानंतर छोट्या मुदती, कंडक्टिंग, आडवळणाचे कागद हे सगळं वाढलं. मालकाच्या त्या भीतीची किंमत आज असा माणूस भरतो आहे ज्याचा १९७३ मध्ये जन्मही झाला नव्हता.

आणि दुसरी बाजू बघा. पुण्याच्या पेठांमधली आणि कॅम्पातली ज्यांची नावं आपण अभिमानाने घेतो अशी कितीतरी जुनी हॉटेलं, इराणी कॅफे, खानावळी भाड्याच्याच जागेत वाढल्या. भाडेकरूला कोणी उठवू शकत नव्हतं, म्हणून त्याने संगमरवरी टेबलं टाकली, मुलाला गल्ल्यावर बसवलं, एक पदार्थ चाळीस वर्षं तसाच ठेवला. आपलं आहे असं वाटल्याशिवाय माणूस एखाद्या जागेला जीव लावत नाही. अकरा महिन्यांचा माणूस रंग देत नाही, नळ दुरुस्त करत नाही, पोरांचे पगार चुकवून डिपॉझिट वसूल करतो. जुन्या भाडेकायद्याने मालकांवर अन्याय केला हे मला मान्य आहे. पण त्याच्या उलट टोकाला जाऊन आपण अशी व्यवस्था केली की शहराच्या कडेला वाढणाऱ्या गावठाणांत एकही जागा जुनी होऊच शकणार नाही.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न गावोगावच्या पबांना पडला. तिथे पुष्कळ छोटे पब दारूच्या कारखान्याच्या किंवा मोठ्या कंपनीच्या मालकीचे आणि चालवणारा कुळासारखा. भाडं तर द्यायचंच, वर बिअरही त्याच कंपनीकडून, ती सांगेल त्या दराने घ्यायची. १९८९ मध्ये सरकारने कारखान्यांच्या ताब्यातल्या पबांवर मर्यादा घातली, तर कारखान्यांच्या जागी नुसत्या पब सांभाळणाऱ्या कंपन्या आल्या आणि कुळाची स्थिती फारशी बदलली नाही. अखेर २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी पब संहिता आली. पाचशे किंवा त्याहून जास्त बांधील पब असलेल्या कंपन्यांना ती लागू होते, आणि ठरावीक प्रसंगी चालवणाऱ्याला 'मला बिअरचं बंधन नको, बाजारभावाने नुसतं भाडं ठरवा' असं म्हणण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी स्वतंत्र लवाद अधिकारी आहे. त्यांचे सगळे प्रश्न सुटले असं नाही, पब बंद पडतच आहेत. पण चालवणारा हा नोकर नाही आणि सावकाराचा ऋणकोही नाही, त्याचा स्वतंत्र हक्क आहे, एवढं कायद्यात लिहिलं गेलं. आपल्याकडे आता कुठे त्याचं नाव फायलीत आलं आहे.

यावर भाच्याचं उत्तर तयार होतं आणि ते वजनदार होतं. "मामा, ज्याच्याकडे जागा घ्यायला दोन कोटी नाहीत त्याने धंद्यात यायचंच नाही का? उडुपीकडून आलेली पोरं अशीच मोठी झाली ना?" खरं आहे. दक्षिण कन्नडमधून कप-बशा विसळायला आलेली मुलं पुण्या-मुंबईत हॉटेलांची मालक झाली, आणि मधली पायरी पुष्कळदा चालवायला घेतलेल्या हॉटेलाचीच होती. ती शिडी मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या मुलांनी गल्ल्यावर बसण्याआधी दहा-दहा वर्षं भटारखान्यात काढली होती. मसाला किती लागतो, वस्ताद रुसला तर स्वतः तव्यावर कसं उभं राहायचं, कोणता वेटर बिलाशिवाय प्लेट सोडतो, हे त्यांना हाताने माहीत होतं. गावाकडचे लोक मागे उभे होते, भिशी होती, पडलं तर उचलणारं कोणी होतं. भाच्याने वीस वर्षं मशीनवर काम केलं आहे, उत्तम केलं आहे, पण रात्री अकरा वाजता दोन टेबलांत बाचाबाची झाल्यावर काय करायचं हे त्याने कधी पाहिलेलं नाही. मी त्याला म्हटलं, आधी तीन महिने कुठल्याही परमिट रूममध्ये मॅनेजर म्हणून राहा, पगार कमी मिळाला तरी चालेल. चौदा लाख गमावून जे शिकशील ते पगार घेऊन शिक.

माझ्या बहिणीचा आक्षेप मात्र आकड्यांचा नव्हताच. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातला पगार बाटलीत जातो, त्यावर माझ्या नातीची फी भरायची?" हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण मी त्याच धंद्याच्या वह्या लिहून घर चालवलं आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतदानात बाटली आडवी केली तर दुकान बंद होतं. ज्या गावांतल्या बायकांनी ते केलं त्यांनी काय भोगलं होतं ते त्यांना विचारावं. त्यांच्यापुढे धंद्याच्या स्वातंत्र्याची भाषा मला बोलवत नाही. पण माझा अनुभव असाही आहे की परमिट रूम कशी चालते याने मोठा फरक पडतो. चालवणाऱ्याचं पोट महिन्याकाठी भरत असेल तर तो वयाचा दाखला बघतो, पाचवा पेग मागणाऱ्याला 'आता पुरे, रिक्षा बोलावतो' म्हणू शकतो. ४९ हजारांच्या खड्ड्यात असलेला माणूस कोणालाही नाही म्हणत नाही. बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ ही वयाची अट पाळायला गल्ल्यावरचा माणूस निर्धास्त असावा लागतो. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला, पबमध्ये दारू प्यायल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर शहरभर तपासण्या झाल्या, परवाने निलंबित झाले. त्या रात्रीची दोन तरुण माणसं परत येणार नाहीत. जास्त भाडं आणि छोटी मुदत माणसाला कायदा मोडायला ढकलते, आणि म्हणूनच हा प्रश्न चालवणाऱ्याच्या फायद्यापुरता नाही असं मला वाटतं. आणि जो रोज पितो त्याने हा धंदा घेऊच नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. भाचा पीत नाही, एवढं समाधान.

मग घ्यावी की नाही? सव्वा लाख भाडं आणि अकरा महिने, या अटींवर घेऊ नये, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. घ्यायचीच असेल तर करार पाच वर्षांचा, नोंदणी केलेला आणि उत्पादन शुल्क खात्याच्या मान्यतेचा हवा. 'नोकरनाम्यावर भागवू' म्हणणाऱ्या मालकाला नमस्कार करून उठावं. भाडेकरार नोंदवून देण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जागामालकावर टाकली आहे, तेव्हा ते मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही. भाडं विक्रीच्या दहा टक्के, वर-खाली मर्यादा ठरवून. तसं झालं तर रोज साडेपंचवीस हजारांवर भाच्याचे पन्नास हजार सुटतात, आणि बावीसवरून साडेपंचवीसवर जाणं मेहनती माणसाच्या आवाक्यातलं आहे. मालकाचा आकडा खरा असेल तर त्यालाही महिन्याला लाख मिळतील. त्याने हे नाकारलं तर त्याचाच आपल्या पस्तीस हजारांवर विश्वास नाही असं समजावं. डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको. चालवणाऱ्याच्या चुकीशिवाय परवाना बंद पडला, मग कारण बंदी असो, महामार्ग असो की मालकाची जुनी थकबाकी, तर त्या दिवसापासून भाडं बंद. आणि मुदत संपल्यावर मालकाला जागा परत हवी असेल तर वाढलेल्या धंद्याचा काही हिस्सा चालवणाऱ्याला मिळावा. हे शेवटचं कलम बघून वकील हसतात. मी तरीही ते प्रत्येक मसुद्यात लिहायला सांगतो.

आणि तो साठीचा वेटर. करार करण्याआधी त्याला भेट, तो राहणार आहे का विचार, असं मी भाच्याला सांगितलं. तो गेला तर पंख्याखालचं टेबल रिकामं होईल. भाचा त्याला दुपारच्या वेळी जाऊन भेटला. मागच्या माणसाने त्याचे दोन महिन्यांचे पगार थकवले आहेत, ते मिळाले तर राहतो म्हणाला.

या अटी भाच्याने मालकाला लेखी कळवल्या, आणि खरेदीची बारा महिन्यांची बिलं मागितली. त्याला आता तीन आठवडे झाले. बिलं आलेली नाहीत.